देशपांडे काकांचं माप

आमच्या वर्कशॉपमध्ये काहीच फेकलं जात नाही. चिंध्या पोत्यात जातात, जादाची बटणं बरणीत आणि किस्से माझ्या डोक्यात. पोतं कधीतरी उशा भरायला जातं, बरणीही रिकामी होते. डोकं काही रिकामं होत नाही. परवा घरी भिशीच्या बायका जमल्या होत्या. म्हटलं, एकच सांगते, आणि चहा तीनदा गरम करावा लागला!

आधी माणसं सांगून ठेवते, म्हणजे मधेच 'ही कोण, तो कोण' नको.

नारायण पेठेत एका छापखान्याच्या वर दोन खोल्यांत आमचं वर्कशॉप. आम्ही तान्ह्या मुलांचे धुऊन परत वापरायचे डायपर बनवतो. एकदा वापरून फेकून द्यायचा डायपर असतो ना, त्याच्याऐवजी. बाहेरून पाणी न झिरपणारं कव्हर, आत सुती पॅड. पॅड ओलं झालं की काढा, धुवा, वाळवा, परत घाला. माझी आई असती तर म्हणाली असती, म्हणजे लंगोटच की गं. असेल. पण लंगोटाला इलॅस्टिक नव्हतं आणि बाळ मांडीवर घेणारीची साडी वाचत नव्हती.

हे सगळं सईच्या डोक्यातून निघालं. सई जगताप, डिझाइन कॉलेजात शिकलेली, विश्रांतवाडीहून स्कूटरवर येते. बोलताना दर वाक्याला 'सस्टेनेबल' आणि 'रिडिझाइन'. शिवणकाम रफीकभाईंचं. कसबा पेठेत त्यांचं आजोबांपासूनचं दुकान, शाळेचे गणवेश शिवायचं. हल्ली गणवेश रेडीमेड झाले, दुकान भाऊ बघतो आणि हे आमच्याकडे येतात. मी फोन सांभाळते. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. रिटायर झाल्यावर घरात बसून नवऱ्याशी भांडण्यापेक्षा इथे येऊन गिऱ्हाइकांशी भांडावं, असा विचार केला. येताना अट एकच घातली, लँडलाइन पाहिजे. सई म्हणाली, काकू, आता लँडलाइन कोण वापरतं? म्हटलं, मी. विषय संपला. साधा फोन आहे, नंबर दिसायची सोय नाही, स्पीकरचं बटण तेवढं आहे. मला नंबर लागतच नाही. आवाज एकदा ऐकला की माझ्या कानात राहतो.

आणि सईचे आप्पा. सिटी बसवर ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर दुपारचे बसनं आमच्याकडे यायचे. हातात कोथिंबिरीची जुडी हमखास. खिडकीत बसून खालच्या ट्रॅफिकला नावं ठेवायची, चहा घ्यायचा, बसनंच परत जायचं. सईची आई नाही, घरात बापलेक दोघंच. गेल्या वर्षी आप्पांचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून ते जे घरात बसले ते बसलेच. सईनं स्कूटरवर सोडते म्हटलं की यांना ऊन लागतं, थंडीत थंडी लागते, बाकी वेळेला गुडघा. रोज दुपारी फोन तेवढा यायचा. वहिनी, जगताप बोलतोय, पोरगी जेवली का? जेवली म्हटलं की ठेवायचे.

एकदा सई मला म्हणाली, "काकू, सगळं पुणं फिरवलेला माणूस आता जिना उतरत नाही. माझं काय चुकतंय तेच मला कळत नाही." डोळे भरले होते पोरीचे. मला ते बघवेना. मी तिला उगाचच खालून दोरा आणायला पाठवलं.

आता किस्से.

*

पहिला नमुना रफीकभाईंनी शिवून आणला तेव्हाची गोष्ट. सईनं तो उलटा केला, सुलटा केला. चारी बाजूंनी दोन-दोन बोटं कापड आत दुमडलेलं.

सईनं विचारलं, एवढं मार्जिन कशासाठी?

"मूल वाढणार नाही का?" रफीकभाई म्हणाले.

जन्मभर गणवेश शिवलेला माणूस. जून आला की आईबाप सांगणार, मास्तर, पुढच्या वर्षीही झाला पाहिजे. त्यामुळे त्यांचा हात शिवणीत कापड राखल्याशिवाय पुढे सरकतच नाही. तो डायपर आम्ही खालच्या छापखानेवाल्यांच्या नातवाला घालून बघितला. ते पोर पायच जवळ घेईना. तासभर घोड्यावर बसल्यासारखं बसून आम्हा सगळ्यांकडे रागानं बघत होतं.

आणि हे कमी म्हणून मागे खिसा! सईनं त्यात दोन बोटं घालून हे काय म्हणून विचारलं, तेव्हा रफीकभाई जरा ओशाळले. खिसा नसलेला कपडा त्यांनी कधी शिवलाच नव्हता, सवयीनं लागून गेला. मी म्हटलं, असू दे, बाळाला रुमाल ठेवायला होईल. सई हसली नाही. तिनं सुती पॅडची घडी उचलली आणि त्या खिशात सरकवली. तोवर आमचं पॅड सारखं जागचं सरकायचं, कधी पोटावर यायचं, कधी पाठीवर. खिशात ते गुपचूप बसलं.

आज आमच्या प्रत्येक डायपरला खिसा आहे. सई त्याला इनोव्हेशन म्हणते. रफीकभाई सांगतात, डिझाइन आमचंच आहे. मार्जिन मात्र सईनं कापायला लावलं. त्याचं त्यांना अजून वाईट वाटतं.

*

कव्हर गळतं का, हे बघायला सईनं एक बाहुली आणली होती. बाहुलीला डायपर घालायचा, नळीनं आत पाणी सोडायचं आणि खाली टिपकागद धरायचा. हे काम रफीकभाईंकडे होतं.

एकदा सकाळी मी आले तर हे चहाच्या शेगडीपाशी उभे, पातेल्यात नुसतं पाणी. मला वाटलं चहा टाकतायत. म्हटलं, पावडर घाला की. तर म्हणाले, चहाचं नाही ताई, टेस्टिंगचं आहे. बोट बुडवून बघितलं, थोडं गार पाणी मिसळलं, पुन्हा बोट बुडवलं.

सई दारातून म्हणाली, "रफीकभाई, ती बाहुली आहे."

ते म्हणाले, "म्हणून काय थंडीच्या दिवसांत गार पाणी घालायचं?"

तेव्हापासून आमच्याकडे टेस्टिंग कोमट पाण्यानं होतं. डिझाइन कॉलेजातले कोणी बघायला आले की सई त्यांना सांगते, आमचा तो प्रोटोकॉल आहे.

*

आतल्या पॅडचा वेगळाच घोळ. नवं कापड कितीही धुतलं तरी कोवळ्या कातडीला टोचतं. आपल्याकडे बाळाच्या अंगाला पहिलं कापड लागतं ते जुनंच, कुणाच्या तरी वापरानं मऊ झालेलं. सईनं खाली दाराशी पाटी लावली, 'जुनं, मऊ, सुती कापड आणून द्यावं.' तिच्याखाली मी माझ्या अक्षरात भर घातली, 'धुतलेलं. नुसतं चौकशीला वर येऊ नये.'

एक गृहस्थ चौकशीला वर आलेच. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत वडिलांचं धोतर. इतकं मऊ की हातात धरल्यावर लोण्यासारखं घसरत होतं. त्यांनी विचारलं, हे नक्की कोणाच्या बाळाला लागणार? सई म्हणाली, तसं सांगता येणार नाही, ज्यांची ऑर्डर येईल त्यांच्या. गृहस्थांनी धोतर परत पिशवीत घातलं. असं कुठल्याही घरी कसं देऊ, म्हणाले, आणि गेले निघून.

आठवड्यानं परत आले. धोतर टेबलावर ठेवलं, त्यावरून एकदा हात फिरवला. देतो, म्हणाले, पण कळवत चला.

आता हे रोज संध्याकाळी फिरायला निघाले की खालून हाक मारतात, "काय हो, कसं चाललंय धोतर?"

पहिल्यांदा मला राग यायचा. धोतराचे तुकडे होऊन कुठे-कुठे गेले, मला काय ठाऊक? मग एक दिवस म्हटलं, कोथरूडला गेलं हो, मुलगी झालीय, नाक अगदी धारदार. गृहस्थ इतके खूश झाले की विचारू नका. तेव्हापासून मी दर वेळी एक नवं बाळ सांगते. त्या एका धोतरावर आत्तापर्यंत निम्म्या पुण्यातली पोरं वाढली आहेत.

*

एका आयटीवाल्या मुलाचा फोन. बायको बाळंत झालेली, याचे प्रश्न संपेनात. काकू, मशीनमध्ये चालतं का? चालतं. ड्रायर? नको, उन्हात वाळव. किती सायकल टिकतं? म्हटलं, दोन पोरं वाढतील, पुढचं तुमचं तुम्ही बघा. मग जरा आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "पण काकू, प्रॅक्टिकली हे रोज धुणार कोण?"

मी काही बोलायच्या आत पलीकडून त्याच्या बायकोचा आवाज आला, "तू."

पोरानं मुकाट्यानं पत्ता दिला. पुढे महिनाभरानं त्याचाच फोन. मला वाटलं तक्रार. तर म्हणाला, काकू, गॅलरीत दोरीवर ते डायपर वाळत घातले ना, की फार शांत वाटतं, ऑफिसात असं काहीच पूर्ण होत नाही. मला हसूही आलं आणि त्याचं कौतुकही वाटलं. आता त्याच्या सोसायटीत आमची जाहिरात तोच करतो, फुकट.

*

सई वर्कशॉपमध्ये आल्या आल्या आधी पेपर मागते. घरी पेपर येतो, पण आप्पा तो सकाळीच कुठे नाहीसा करतात, आणि आदल्या दिवसाचाही सापडत नाही म्हणे. रद्दीवाला बिचारा दारातून परत जातो.

तर एक दिवस तिनं आल्या आल्या पेपर मागितला नाही. खुर्चीत बसून आम्हाला मंगलताईंची गोष्ट सांगितली. मंगलताई तिच्या बिल्डिंगचा कचरा नेतात. तुम्हाला माहीतच आहे, वापरलेला डायपर कागदात गुंडाळून, त्यावर लाल खूण करून वेगळा द्यायचा असतो. सईच्या वरच्या मजल्यावर एक तान्हं बाळ आहे आणि त्यांनी नुकतेच आमचे डायपर घेतले होते. झालं काय, मंगलताईंच्या हातात रोजच्या पुड्या येईनाशा झाल्या. दोन-चार दिवस त्यांनी वाट बघितली. मग न राहवून बेल वाजवली आणि दारातूनच विचारलं, "बाळ बरं आहे ना?"

घरातल्यांना काही कळेना. मग उलगडा झाला, दोरीवर वाळणारे डायपर दाखवले, बाळ आणून दाखवलं. मंगलताई दारातच बसल्या, हात धुवायला पाणी मागितलं आणि बाळाला मांडीवर घेतलं. पुडीवरून ओळखत होते याला, तोंड आज बघितलं, असं म्हणाल्या.

रफीकभाईंनी मशीन थांबवून डोळे टिपले. त्यांचं तसं आहे, बाळाचं काही ऐकलं की लगेच पाणी. सई मात्र पुढे सांगत होती. जिना उतरताना मंगलताई तिला म्हणाल्या, आता तुमच्या जिन्यात एकाच घरातून पुड्या येतात. सईनं विचारलं, कोणाच्या? तर तिच्याकडे जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, मला नाही बाई ठाऊक, कागदात गुंडाळल्यावर सगळ्या सारख्याच.

"त्या जिन्यात दुसरं बाळच नाही, काकू," सई म्हणाली आणि गप्प झाली. मला वाटलं दमली असेल. मी चहा टाकला.

*

आणि त्याच आठवड्यातला फोन.

दुपारची वेळ, सई कापड बघायला बाहेर गेलेली. फोन वाजला. पलीकडून एकदम खर्जातला आवाज, पुस्तकात वाचल्यासारखं बोलणं. आपल्याकडे धुऊन पुन्हा वापरता येतात असे ते मिळतात काय? मी म्हटलं, मिळतात. नाव? थोडं थांबून उत्तर आलं, देशपांडे.

मी नेहमीच्या सवयीनं विचारलं, बाळाचं वय?

"एकाहत्तर."

"एकाहत्तर महिने? अहो, मग पोरगं शाळेत जात असेल की."

  मग तो खर्जातला आवाज गेला आणि नेहमीचा आवाज आला, अगदी बारीक होऊन.

"वर्षं," ते म्हणाले.

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. हा आवाज रोज दुपारी मला विचारायचा, पोरगी जेवली का. आणि एका क्षणात मला सगळं उमगलं. ऑपरेशन. ऊन, थंडी, गुडघा. नाहीसे होणारे पेपर. देवा, माणूस वर्षभर एकटा हे सोसत बसला होता आणि आम्ही त्याला फिरायला जायचे उपदेश करत होतो.

मी ओळख दाखवली नाही. ऑपरेटरचा धर्म आहे तो, लाइनवर काय ऐकलं ते लाइनवरच सोडायचं. मी म्हटलं, करून देऊ, देशपांडे साहेब. त्रास काय होतो ते मोकळेपणानं सांगा. मग ते बोलले. बाजारातला डायपर जाड, पँटमधून दिसतो. उठता-बसता कुरकुर वाजतो. उकडतं. बसमध्ये शेजारी बसलेल्याला कळणार, वास आला तर काय, ही धास्ती. म्हणून बाहेर पडत नाही. मी कंबर विचारली. छत्तीस, म्हणाले. पार्सल घरी नको, घरी मुलगी असते. बिल्डिंगखाली डेअरी आहे, तिथे देशपांडे नावानं ठेवा.

आणि शेवटी म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे ती डिझाइन करणारी मुलगी आहे ना, तिला कोणासाठी ते सांगू नका."

गिऱ्हाईक मला वहिनी म्हणत नाही हो.  फोन ठेवला आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

*

सई आल्यावर मी चेहरा शक्य तितका कोरा ठेवून सांगितलं, की एका वयस्कर गृहस्थांचा फोन होता, देशपांडे नावाचे, वय एकाहत्तर, मोठ्या मापाचं करून हवंय. मला वाटलं ती म्हणेल, काकू, आपण बेबी प्रॉडक्ट करतो.  पण ती टेबलावरचं कापड सरळ करत राहिली. मग विचारलं, माप घेतलं का?

म्हटलं, कंबर छत्तीस.

"अडतीस करा," ती म्हणाली. "फोनवर माणसं माप कमी सांगतात."

त्यानंतर या मुलीनं जे काम केलं ते मी कधी बघितलं नव्हतं. बाजारातले सगळे मोठे डायपर आणले, टराटरा फाडले, एकेक थर कानाशी नेऊन चुरगाळून बघितला, आवाज कुठून येतो ते शोधायला. आवाज प्लॅस्टिकच्या पातळ थराचा होता. तिनं वेगळं कापड शोधलं. पहिलं वाजायचं, दुसरं गळायचं, तिसऱ्यात हवाच खेळत नव्हती. रडकुंडीला आली, पण सोडलं नाही. बाळांच्या ऑर्डरी पडून राहिल्या. आयटीवाल्याच्या सोसायटीतून फोन आले, मी त्यांना खडसावलं, जरा थांबा, तोवर तुमची पोरं पळून जात नाहीत.

घालून कोणी बघायचं, हा प्रश्न होता. मोठ्या मापाची बाहुली मिळत नाही. रफीकभाई म्हणाले, मी बघतो. आत जाऊन घालून आले, वर पँट चढवली आणि दिवसभर मशीनवर बसले. संध्याकाळी तसेच कसबा पेठेत गेले, गल्लीबोळांतून चालले, दोरा घेतला, ओळखीच्यांशी उभ्यानं गप्पा मारल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा रिपोर्ट असा, की कोणालाही कळलं नाही, उलट एक जण म्हणाला, मास्तर, बारीक झालात!

फक्त बसल्यावर मांडीपाशी जरा काचतं, असं ते म्हणाले. तेव्हा सईनंच सांगितलं, रफीकभाई, इथे मार्जिन ठेवा, दोन बोटं. रफीकभाईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्यांनी तीन ठेवली.

रंगाचं विचारलं तर सई म्हणाली, खाकी.

"आतला कपडा खाकी कोण घालतं?" रफीकभाई म्हणाले. "पांढरा करू, नाहीतर राखाडी."

"खाकीच. त्यांना सवयीचा आहे," सई म्हणाली आणि टेपकडे बघत बसली. मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. रफीकभाईंनी आमच्या दोघींकडे बघितलं आणि मशीन सुरू केलं. त्यांनाही कधीचं कळलं होतं की काय, मी अजून विचारलेलं नाही.

पार्सल तयार झालं. मी सईच्या नकळत कुरियरवाल्याला बोलावणार होते. तर तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं, वरचा पत्ता वाचला, विश्रांतवाडी, अमुक डेअरी, देशपांडे. डेअरी तिच्याच बिल्डिंगखालची.

"माझ्या वाटेवरच आहे. जाता जाता मी ठेवते," म्हणाली आणि ते स्कूटरच्या डिकीत घालून घेऊन गेली.

*

नंतर काही दिवस नुसते गेले. दुपारचा फोन यायचा, वहिनी, जगताप बोलतोय, पोरगी जेवली का. जेवली. ठेवायचे. देशपांडे काही बोलेनात. सई मला रोज विचारायची, त्या काकांचा फीडबॅक आला का? मी नाही म्हणायचे. ती मान हलवायची आणि कामाला लागायची. माझा जीव नुसता टांगणीला. बसत नसेल का? काचत असेल का? पार्सल तसंच कपाटात पडलं असेल का?

मग एके दिवशी दुपारी. सई टेबलापाशी खडूनं खुणा करत होती, रफीकभाई मशीनवर. फोन वाजला. मी घड्याळ बघितलं, जगतापांची वेळ. उचलला.

"देशपांडे बोलतोय."

तोच खर्जातला आवाज. मी म्हटलं, बोला देशपांडे साहेब, कसं काय? सईचा खडू थांबला. ते म्हणाले, उत्तम आहे, काही त्रास नाही. त्यांच्यामागून बराच गलका ऐकू येत होता, हॉर्न, माणसं. मी विचारलं, कुठून बोलताय?

"घरातूनच. टीव्ही चालू आहे."

आणि मागे टिंग टिंग. डबल बेल. पाठोपाठ कंडक्टर, चला, पुढे सरकून घ्या, मधे जागा आहे.

 हे सईनं ऐकायलाच हवं म्हणून मी स्पीकरचं बटण दाबलं. सई उठून फोनपाशी आली.

"देशपांडे काका, नमस्कार. ते मी डिझाइन केलंय. माप बरोबर झालं का?"

पलीकडे नुसती बस ऐकू येत होती. मग उत्तर आलं.

"बरोबर आहे, मॅडम."

"आवाज येतो का?"

"नाही येत. बसलं की विसरायला होतं." मग ते म्हणाले, "मॅडम, हे माणसाला कोणाला सांगता येत नाही. घरात तर नाहीच नाही. आपल्या माणसाला वाटेल, बाप असा झाला. तुम्ही काही न विचारता करून दिलंत, फार बरं वाटलं. तेवढंच सांगायला फोन केला."

रफीकभाईंनी मशीन केव्हाच बंद केलं होतं. सईच्या गालावरून पाणी वाहत होतं, पण आवाज तिनं हलू दिला नाही. मागे कंडक्टर ओरडत होता, शनिवारवाडा, शनिवारवाडा, उतरणारे पुढे या. शनिवारवाड्यापासून आमचं वर्कशॉप चालत किती लांब?

सईनं डोळे पुसले आणि फोनवर वाकली.

"काका, येताना कोथिंबीर आणाल का?"

टिंग टिंग झालं. बस दूर निघून गेल्याचा आवाज आला. मग खर्ज नाही, काही नाही, रोजचा आवाज.

"एक जुडी का दोन?"